कंत्राटी कामगारांचं किमान वेतन वाढवायचा विषय सभेपुढे येतोय: ठरावात नेमकं काय असावं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. १५ जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनंतर मराठवाड्यातल्या पाचही महापालिकांत (छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी, जालना) लोकांनी निवडून दिलेली सभागृहं आहेत. जालन्यात तर महापालिका म्हणून पहिल्यांदाच. त्यामुळं घंटागाडीवरचे कामगार, झाडूवाल्या बाया, व्हॉल्व्हमन, ड्रेनेजवाले यांच्या पगाराचा विषय परत वर आलाय. आमच्याकडं एक मसुदा फिरतोय, तो एकाच वाक्याचा आहे: "महानगरपालिकेतील सर्व कंत्राटी कामगारांना मूळ वेतन व विशेष भत्ता मिळून दरमहा किमान २१,००० रुपये देण्यात यावेत."

मागणी रास्त आहे, त्यावर वाद नको. जाणकारांनी तीन गोष्टी सांगाव्यात. महापालिकेला हा अधिकार आहे का? खर्च किती वाढेल? आणि हे पैसे कामगाराच्या हातात खरंच पडतील का? मसुदा दुरुस्त करायला अजून वेळ आहे.

कलमदार

अधिकाराचं आधी सांगतो, कारण इथंच ठराव आडवा पडतो.

किमान वेतनाचे दर ठरवणं हे राज्य सरकारचं काम. आधी ते १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाखाली व्हायचं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू आहे. महापालिका "शहराचं किमान वेतन" जाहीर करू शकत नाही. पण सरकारी दर म्हणजे तळ आहे, छप्पर नव्हे. आपल्या कामासाठी जो ठेकेदार नेमायचा त्याला "तू या दराच्या वर एवढी रक्कम कामगाराला दिलीच पाहिजेस" अशी निविदेत अट घालायला महापालिका मोकळी आहे. म्हणून ठरावाची भाषा "किमान वेतन निश्चित करण्यात येते" अशी ठेवू नका. "महानगरपालिकेच्या सर्व निविदांमध्ये शासनाच्या किमान वेतनापेक्षा अधिक, खालीलप्रमाणे वेतनाची अट समाविष्ट करण्यात यावी" अशी ठेवा. पहिली भाषा वापरली की महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली ठराव शासनाकडून निलंबित व्हायला आयतं कारण मिळतं.

दुसरं, "कायम करा" हा मुद्दा याच ठरावात घुसडू नका. कायम पदं निर्माण करायला त्याच अधिनियमाच्या कलम ५१ प्रमाणे शासनाची मंजुरी लागते, शिवाय आस्थापना खर्चाची, म्हणजे कर्मचाऱ्यांवरच्या खर्चाची, ३५ टक्क्यांची मर्यादा आडवी येते. दोन्ही एकत्र केले तर कायम करण्याच्या प्रश्नावर वेतनवाढही अडकून पडेल.

आणि तळाचा दर कुठला धरायचा तेही पाहा. "स्थानिक प्राधिकरण" हा वेगळा अनुसूचित रोजगार आहे, म्हणजे किमान वेतनाचा दर ज्याच्यासाठी वेगळा ठरतो असा कामाचा प्रकार, त्याची मूळ वेतनाची अधिसूचना २४ फेब्रुवारी २०१५ ची. काही ठेकेदार दुकानं-आस्थापनांचा कमी दर लावतात आणि लेखा विभाग तो तसाच पास करतो. वेतनातला हा फरक निव्वळ चुकीच्या अनुसूचीमुळं पडतो, ठराव न करताही तो वसूल होऊ शकतो.

पूर्णाकाठ

२०१५ ची अधिसूचना? पाच वर्षांत फेरआढावा घ्यायचा नियम आहे ना?

कलमदार

आहे. दर जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतरानं तपासावेत असं जुन्या कायद्यातही होतं, संहितेतही आहे. मूळ वेतन तिथंच राहिलं तरी विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, १ जानेवारी आणि १ जुलैला, महागाई निर्देशांकाप्रमाणे बदलतो. कामगार आयुक्तांचं पत्रक निघतं. सभेपुढच्या टिपणीला चालू सहामाहीचं पत्रक जोडा. मागच्या वर्षीचा आकडा लावून टिपणी तयार झाली तर "वाढ" म्हणून मांडलेल्या रकमेतला बराचसा भाग हा नुसता थकलेला विशेष भत्ताच असतो.

लेखाशीर्ष

खर्चाचा हिशेब मांडतो. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या शहराचं पत्रक पाहून बदला. मूळ + विशेष भत्ता १८,००० धरू.

कामगाराचं एकूण वेतन: १८,००० + घरभाडे भत्ता ५ टक्के (१९८३ च्या कायद्याप्रमाणे) ९०० = १८,९००.

ठेकेदाराच्या, म्हणजे शेवटी महापालिकेच्या, खिशातून वर जाणारे: भविष्य निर्वाह निधी १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के म्हणजे १,८००, त्यावर ठेव-संलग्न विमा अर्धा टक्का ७५ आणि प्रशासकीय शुल्क अर्धा टक्का ७५. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, ३.२५ टक्के, १८,९०० वर ६१५. बोनस ८.३३ टक्के १,४९९. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के ८६६. बेरीज २३,८३०. गणवेश, हातमोजे, गमबूट, ठेकेदाराचं सेवा शुल्क याच्या बाहेर.

कामगाराच्या हातात: १८,९०० मधून पीएफ १,८००, ईएसआय ०.७५ टक्के १४२, व्यवसाय कर २०० वजा जाता १६,७५८. बाईमाणूस असेल तर २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणजे १६,९५८. बऱ्याच ठिकाणी ठेकेदार बायांचेही २०० कापतात. ते बेकायदा आहे. बिल तपासताना हा एक रकाना बघितला तरी कळतं.

आता २,००० ची वाढ दिली तर महापालिकेला माणशी २,००० पडत नाहीत. घरभाडे १००, ईएसआय ६८, बोनस १६७, ग्रॅच्युइटी ९६ धरून साधारण २,४३१ पडतात. ८०० कामगार असतील तर महिन्याला १९ लाख ४५ हजार, वर्षाला २ कोटी ३३ लाख. सभेत कुणीतरी ८०० गुणिले २,००० करून १ कोटी ९२ लाख सांगतं, अंदाजपत्रकात तेवढीच तरतूद होते आणि फेब्रुवारी-मार्चची बिलं थकतात. थकलेल्या बिलाचा फटका ठेकेदाराआधी कामगाराला बसतो.

आणखी एक. पीएफ १५,००० वरच कापायचा की पूर्ण वेतनावर, हे निविदेत लिहिलेलं नसेल तर ठेकेदार मर्यादेवरच कापणार. पूर्ण वेतनावर हवा असेल तर २,००० च्या वाढीवर नियोक्त्याचे आणखी २४० लागतील, कामगाराचेही तेवढेच कापले जातील. निर्णय काहीही घ्या, पण लिहून घ्या.

तेरणा

लेखाशीर्षभाऊ, २,००० का धरले? मसुद्यात तर २१,००० म्हटलंय, म्हणजे ३,००० ची वाढ. कामगारबी तेवढंच मागायलेत. आपणच कमी करून का मांडायचं?

लेखाशीर्ष

तेरणाताई, कारण आहे. ईएसआयची वेतनमर्यादा २१,००० आहे. आजवरच्या मोजणीत घरभाडं त्यात धरलं जातं. २०,००० अधिक ५ टक्के घरभाडं = बरोबर २१,०००, माणूस ईएसआयमध्ये राहतो. मसुद्यातले २१,००० घेतले की एकूण २२,०५० होतात आणि माणूस बाहेर पडतो.

बाहेर पडला म्हणजे काय जातं ते बघा. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन, कामावर अपघात झाला तर ९० टक्क्यांनी अपंगत्व लाभ, मृत्यू झाला तर कुटुंबाला निवृत्तिवेतन, बायांना २६ आठवड्यांची प्रसूती रजा वेतनासह, आणि घरच्यांचे औषधोपचार. कचऱ्याच्या गाडीवर, गटारात, रस्त्यावर पहाटे काम करणाऱ्या माणसाला हे ३,००० पेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

लगेच बाहेर काढत नाहीत, योगदान कालावधी संपेपर्यंत (एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च) कपात चालू राहते. त्यामुळं फटका सहा महिन्यांनी कळतो, तोवर वाढीचे पेढे वाटून झालेले असतात.

कलमदार

पुरवणी जोडतो. सामाजिक सुरक्षा संहितेतल्या वेतनाच्या व्याख्येत घरभाडे भत्ता वगळलेला आहे, मात्र वगळलेल्या बाबी एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेल्या तर जास्तीची रक्कम वेतनात धरली जाते. त्या हिशेबानं २१,००० मूळ + विशेष भत्ता हा आकडाही मर्यादेच्या काठावर बसतो. पण काठावरच. पुढच्या सहामाहीत विशेष भत्ता शंभर रुपयांनी वाढला तरी पार. म्हणून आकडा ठरवण्याआधी ईएसआयच्या प्रादेशिक कार्यालयाकडून मोजणीबद्दल लेखी उत्तर घ्या आणि ते टिपणीला जोडा.

तेरणा

समजलं. मग मर्यादा ओलांडणाऱ्यांसाठी काय? पगार कायमचा २१,००० वर गोठवून ठेवायचा का? हे काही पटत नाही.

लेखाशीर्ष

गोठवायचा अजिबात नाही. ठरावात दोन टप्पे ठेवा. पहिला टप्पा ईएसआयच्या मर्यादेत बसणारा, ताबडतोब. दुसरा टप्पा मर्यादेच्या वरचा, पण गट आरोग्य विमा आणि अपघात विमा महापालिकेनं आधी काढल्यावरच लागू. ईएसआयबाहेर गेलेल्या कामगाराला अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी नियोक्त्यावर येते, ठेकेदारानं ती टाळली की दावा महापालिकेच्या दारात येतो. तेव्हा विमा आधी, पगार मागून. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहेच, पण त्यात आजारपणातला बुडालेला पगार मिळत नाही.

बालाघाट

इथवर सगळी चर्चा "माणसं पुरवणे" या पद्धतीच्या ठेक्याची झाली. घनकचऱ्याचे मोठे ठेके टनावर असतात, तिथं हा ठराव लागूच होत नाही, हे कुणी बोलायले नाही.

टनेजच्या ठेक्यात महापालिका ठेकेदाराला टनामागं पैसे देते. माणसं किती, पगार किती, हे बिलात दिसतच नाही. वेतन वाढवा म्हटलं की ठेकेदार दोन मार्ग काढतो. एक, गाडीवरचा एक माणूस कमी करतो, म्हणजे चालक आणि एकच मदतनीस, ओला-सुका वेगळा करायला कुणी उरत नाही. दोन, वजन वाढवतो. बांधकामाचा राडारोडा, माती, पावसाळ्यात पाणी, सगळं वजनकाट्यावर कचरा म्हणून चढतं. पगारवाढीचा बोजा असा शेवटी महापालिकेवरच येतो आणि कामगाराला काही मिळत नाही.

यावर उपाय एकच: टनेजच्या निविदेतही वेतनाचा भाग वेगळा काढायचा. प्रति गाडी किती माणसं, प्रति पाळी किती, राखीव किती (आठवडी सुटी आणि रजा धरून दर सहा माणसांमागं एक तरी बदली लागतोच) हे परिशिष्टात द्यायचं. वेतन, पीएफ, ईएसआय, बोनस ही रक्कम ठरलेली, त्यावर कुणी बोली लावायचीच नाही. बोली फक्त गाड्या, डिझेल, देखभाल आणि सेवा शुल्कावर. विशेष भत्ता वाढला की वेतनाचा भाग आपोआप वाढणार, टनाचा दर तसाच.

सध्या चालतं ते उलट आहे. निविदा १५-२० टक्के बिलो, म्हणजे अंदाजित दराच्या खाली, भरली जाते, सगळे खूश. डिझेल कुणासाठी स्वस्त होत नाही, टायर होत नाही. कमी होतो तो फक्त माणसाचा पगार. म्हणून निविदा समितीनं प्रत्येक बोलीचं दर विश्लेषण मागवावं आणि वेतनाच्या वैधानिक खर्चापेक्षा खालची बोली अपात्र ठरवावी. शून्य सेवा शुल्काची बोली आली तरी तेच: नफा नाही म्हणणारा माणूस नफा कुठून काढणार, हे विचारलंच पाहिजे.

गोदाकाठ

बालाघाट, चालू ठेक्यांचं काय? काही ठेके अजून तीन-चार वर्षं चालणार आहेत.

बालाघाट

चालू करारनाम्यात "किमान वेतनातील बदलाचा फरक" असं कलम आहे का ते बघा. असेल तर शासनाच्या वाढीचाच फरक मिळतो, महापालिकेनं स्वतःहून दिलेल्या वाढीचा नाही. त्यासाठी पूरक करारनामा करावा लागतो, स्थायी समितीची मंजुरी घेऊन. त्यात लिहायचं की फरकाची रक्कम स्वतंत्र देयकानं, कामगारांची यादी आणि बँकेत जमा झाल्याचा पुरावा आल्यावरच दिली जाईल, आणि या रकमेवर सेवा शुल्क लागणार नाही. मूळ देयकात मिसळली की फरक शोधून काढणं कठीण.

पूर्णाकाठ

आता तिसऱ्या प्रश्नावर या. कागदावर पूर्ण पगार असतो, बँकेत पूर्ण जमाही होतो, मग मुकादम रोख परत मागतो. एटीएम कार्डं मुकादमाच्या खिशात. हे कसं थांबवायचं?

लेखाशीर्ष

पूर्ण थांबवणारी एक गोष्ट नाही. चार-पाच ठिकाणी अडवावं लागतं.

देयकासोबत येणारं पीएफ चलान नुसतं बघून चालत नाही. त्याची ईसीआर यादी, म्हणजे यूएएनवार (कामगाराच्या पीएफ क्रमांकाप्रमाणे) नावं आणि वेतन, हजेरीच्या मस्टरशी एकेक ओळ जुळवायची. नेहमीची गफलत म्हणजे मस्टर २०० जणांचं, ईसीआर १२० जणांचा. त्याहून वाईट म्हणजे एकच चलान ठेकेदार दोन नगरपालिकांत लावतो. चलानावरचा टीआरआरएन क्रमांक ईपीएफओच्या संकेतस्थळावर टाकून रक्कम आणि महिना तपासायला दोन मिनिटं लागतात. ईसीआरमध्ये "एनसीपी दिवस" हा रकाना असतो, बिनपगारी दिवसांचा. मस्टरला माणूस २६ दिवस हजर आणि ईसीआरला १० एनसीपी दिवस, असं दिसलं की समजायचं पगार कापला गेलाय किंवा मस्टर खोटं आहे. दोन्हींत चौकशी लागतेच.

वेतनचिठ्ठी कामगाराला मोबाईलवर आणि महापालिकेला एकत्र फाईल म्हणून, दोन्ही. वेतन पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. महापालिकेचं बिल निघालं नाही ही सबब चालत नाही. म्हणून निविदेतच "दोन महिन्यांचं वेतन स्वतःच्या भांडवलातून देण्याची क्षमता" ही पात्रता ठेवा, आणि तेवढ्या रकमेची बँक हमी घ्या.

एटीएमचा प्रश्न मात्र हजेरी शेडवरच सुटतो. खातं कामगाराच्या नावानं, त्याच्याच मोबाईल क्रमांकाला जोडलेलं आहे का, हे दर तिमाहीत तपासायचं. दहा कामगारांच्या खात्यांना एकच मोबाईल जोडलेला सापडला की प्रकरण उघड होतं.

कलमदार

ठेकेदारानं पगार बुडवला किंवा कमी दिला तर मुख्य नियोक्ता म्हणून महापालिकेनं तो द्यायचा आणि ठेकेदाराच्या देयकातून किंवा अनामतीतून वसूल करायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं, नव्या संहितांतही आहे. यात दयामाया किंवा मर्जी नाही. कामगाराचा दावा करायचा मुदतीचा नियमही बदललाय: जुन्या किमान वेतन कायद्यात सहा महिने होते, वेतन संहितेत तीन वर्षं. भरपाई फरकाच्या दहापटीपर्यंत लागू शकते. लेखाधिकाऱ्यांनी हे लक्षात घेतलं तर ठेकेदाराची अनामत काम संपल्याबरोबर परत करायची घाई होणार नाही.

किमान वेतनापेक्षा कमी देऊन करून घेतलेलं काम हे संविधानाच्या अनुच्छेद २३ खाली वेठबिगारी ठरतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ सालीच एशियाड बांधकाम मजुरांच्या प्रकरणात म्हटलंय. टिपणीत हे वाक्य असायलाच हवं.

तेरणा

महापालिकेनं थेट कामगाराच्या खात्यात पगार टाकला तर? मधला माणूसच नको.

कलमदार

विधी विभाग विरोध करील. थेट पगार, थेट हजेरी, थेट शिस्तभंग असलं की ठेका हा नुसता देखावा आहे असं औद्योगिक न्यायालयात मांडता येतं. मुंबईच्या कचरा वाहतूक कामगारांच्या लढ्यात असाच देखाव्याच्या ठेक्याचा मुद्दा होता, २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात २,७०० कामगारांच्या बाजूनं निकाल लागला. प्रशासन ते विसरलेलं नाही. मधला मार्ग म्हणजे स्वतंत्र वेतन खातं: महापालिका वेतनाची रक्कम त्यात भरते, बँकेला सूचना अशी की तिथून पैसे फक्त यादीतल्या कामगारांच्या खात्यात आणि पीएफ-ईएसआयलाच जातील.

दख्खनी

सगळं मान्य, पण पैसा कुठून? आपल्याकडं पाण्याच्याच विजेच्या बिलानं कंबरडं मोडतं. संभाजीनगरला पैठणहून पाणी उपसून आणायचं, लातूरला मांजरा धरणावरून. मालमत्ता कराची वसुली रडतखडत. १५ व्या वित्त आयोगाचा पैसा पगाराला वापरता आला नाही. जीएसटीची भरपाई येते ती कायम कर्मचाऱ्यांच्या पगारात आणि पेन्शनीतच संपते. आधीच देणी थकलेली असताना नवी बांधिलकी घ्यायची, ती पाळता आली नाही तर कामगाराचाच महिना बुडतो.

लेखाशीर्ष

दख्खनी, ही भीती खरी आहे, म्हणून तरतुदीशिवाय ठराव करूच नये. तीन जागा सांगतो. सफाई, घनकचरा, पाणीपुरवठा ही संविधानाच्या अनुच्छेद २४३ डब्ल्यू खालची, म्हणजे महापालिकेकडं सोपवलेली, कामं. त्यासाठीच्या शुद्ध सेवेला, म्हणजे माल न पुरवता नुसतं काम करून दिलं तर, जीएसटीत सूट आहे. देयकात १८ टक्के लावलेले सापडले तर आधी ते थांबवा. दुसरं, बायोमेट्रिक हजेरी आणि ईसीआरची जुळणी केली की नुसत्या कागदावरची नावं गळतात. किती ते शहरागणिक वेगळं, पण वेतनवाढीआधी तीन महिने ही जुळणी करून बघा, तरतुदीचा आकडा मगच लिहा. तिसरं, घनकचऱ्याचं उपभोक्ता शुल्क हॉटेलं, मंगल कार्यालयं, खासगी रुग्णालयं यांच्याकडून नीट वसूल करा आणि ते स्वतंत्र लेखाशीर्षात ठेवून वेतन खात्याला जोडा. सर्वसाधारण निधीत मिसळलं की गेलं.

कायम शिपायाचा सातव्या वेतन आयोगातला पहिला स्तर १५,००० मूळ, त्यावर महागाई भत्ता ५० टक्क्यांच्या वर. म्हणजे घरभाडं न धरताही साडेबावीस हजारांपलीकडं. त्याच रस्त्यावर तोच झाडू मारणाऱ्याला २०,००० देणं ही उधळपट्टी नाही.

पूर्णाकाठ

ग्रॅच्युइटीचं राहिलं. ८६६ रुपये महिन्याला धरलेत, पण ठेकेदार दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. पाच वर्षं कुणाकडंच भरत नाहीत, मग ते पैसे जातात कुठं?

बालाघाट

ठेकेदाराकडं. दरात ४.८१ टक्के घेतो आणि जाताना देत नाही, कारण कायद्यानं पाच वर्षं झालेली नसतात. म्हणून ही रक्कम ठेकेदाराला द्यायचीच नाही. महापालिकेनं कामगाराच्या यूएएननुसार स्वतंत्र ठेव खात्यात ठेवायची, ठेका बदलला तरी चालू ठेवायची. बोनसचंही तसंच, दिवाळीआधी कामगाराच्या खात्यात जमा झाल्याचं दाखवल्यावर प्रतिपूर्ती. नवा ठेकेदार आला की जुने कामगार आधी घ्यायचे, ही अटही निविदेत हवी. नाहीतर वाढ मागणाऱ्यांची नावं नव्या यादीतून पहिली गळतात.

तेरणा

सणावाराचं कामही लिहा. गणपती विसर्जन, ईद, यात्रा, कुणी मंत्री येणार असला की बारा-बारा तास झाडून घेतात आणि दुसऱ्या दिवशी अर्धी सुटी देऊन मिटवतात.

लेखाशीर्ष

बरोबर. २०,००० भागिले २६ भागिले ८ म्हणजे तासाला ९६ रुपये, जादा कामाचा दर दुप्पट, म्हणजे १९२. चार तास जादा झाले तर ७६९. अर्ध्या सुटीनं ते फिटत नाही. जादा वेतन ईएसआयची मर्यादा मोजताना धरत नाहीत, पण योगदान त्यावर कापलं जातं, तेव्हा त्यामुळं कुणी बाहेर पडेल ही भीती नको.

गोदाकाठ

मंडळी, मसुदा असा बदलून देतोय: आकडा २०,००० मूळ + विशेष भत्ता, ईएसआयचं लेखी उत्तर येईपर्यंत. त्यावर शासनाच्या विशेष भत्त्याची सहामाही वाढ आपोआप. वेतनाचा भाग बोलीबाहेर. टनेजच्या ठेक्याला मनुष्यबळाचं परिशिष्ट. स्वतंत्र वेतन खातं, ग्रॅच्युइटी महापालिकेकडं, जुन्या कामगारांना प्राधान्य. काही सुटलंय का?

कलमदार

दोन गोष्टी. "कंत्राटी कामगार" ची व्याख्या द्या, त्यात बचत गटांमार्फत लावलेल्या बाया आणि उपठेकेदाराची माणसं स्पष्ट लिहा, नाहीतर ती बाहेर राहतील. आणि विषय ऐनवेळचा म्हणून आणू नका. कार्यक्रमपत्रिकेवर, लेखा विभागाच्या अभिप्रायासह आणा.

दख्खनी

लेखा अभिप्राय मागणीचं पत्र सभेच्या तारखेच्या आधीच आवक क्रमांकासह द्या. "अभिप्राय अप्राप्त" असा शेरा मारून विषय तहकूब करतात.